बिनमिठाचा आठवडा

दिवाळीचा फराळ संपून महिना होत आला होता, तरी माझे ब्लाऊज दंडात रुतत होते. त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघून सांगितलं, की साखर अजून वाढलेली नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभी आहे. "आत घ्यायची की दारातूनच परत पाठवायची, ते तुम्ही ठरवा," असं ते म्हणाले. मी राहुरीजवळच्या देवळालीत हायस्कूलला मराठी शिकवते, निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिली आहेत. डॉक्टरांचं बोलणं ऐकून मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण माझ्या आईला ह्याच दुखण्यानं नेलं.

पुण्याला असलेल्या भाचीला मी हे फोनवर सांगितलं. तिच्याकडे उपाय तयारच होता. आठवडाभराचा आहार. त्याला ती 'डिटॉक्स' म्हणत होती आणि तो केल्यावर शरीर आतून धुऊन निघतं, असं तिचं म्हणणं होतं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, मग कोहळ्याचा रस, दुपारी पपई नाहीतर पेरू, संध्याकाळी उकडलेला दुधी किंवा दोडका. मीठ नाही, साखर नाही, तेल नाही. धान्य, डाळ, दूध, सगळं बंद.

"आणि चहा?" मी विचारलं.

"मावशी, चहा तर सगळ्यात आधी बंद."

मला वाटलं, जमेल. आपण काय थोडे उपास केलेत आयुष्यात? पण आमच्याकडचे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, वर बटाट्याचा कीस. त्या उपासांत पोट कधी रिकामं राहिलंच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं, पण दोन दिवस उशिरा.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर गणिताच्या मॅडम बसतात. माझ्याहून वयानं बऱ्याच लहान. शाळेत मी त्यांना मॅडम म्हणते, पण शाळेबाहेर ती मला ताई म्हणते आणि मी तिला अगंतुगं करते. ती पाथर्डीकडची. राहुरीत बँकेत असलेल्या मुलाशी लग्न होऊन इकडे आली आणि इथलीच झाली. अंगानं भरलेली, हसली की शेजारच्या वर्गात ऐकू जाईल अशी. तिचा जेवणाचा डबा आमच्या सगळ्यांत मोठा. चार पुडांचा. मधल्या सुट्टीत ती स्वतः खायच्या आधी सगळ्यांच्या डब्याच्या झाकणात काही ना काही वाढायची. कुणी नको म्हटलं की तिला खरंच वाईट वाटायचं. माझी साखर उंबऱ्यावर होती, तिची घरात येऊन बसली होती. गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि वजन उतरवा म्हणून डॉक्टर मागं लागले होते.

मी तिला आठवड्याचा बेत सांगितला, तशी ती म्हणाली, "ताई, दोघी मिळून करू. एकटीनं केलं तर मी संध्याकाळपर्यंत मोडीन."

गोळ्या चालू असल्यामुळे तिनं डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांना हे फारसं पसंत नव्हतं. गोळीचं प्रमाण त्यांनी कमी करून दिलं आणि बजावलं, की हात थरथरले किंवा चक्कर आली तर लगेच काहीतरी खायचं, हट्ट करायचा नाही. घटक चाचणीचे पेपर तपासून झाले आणि आम्ही मंगळवारी सुरुवात केली.

पहिल्याच दिवशी दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं. चहा नव्हता म्हणून. शाळेतल्या मावशी ट्रे घेऊन आल्या, सवयीनं माझ्यासमोर कप ठेवला आणि जीभ चावून उचलून नेला. त्या कपातल्या आल्याचा वास टेबलावर तसाच राहिला. चहाची तल्लफ म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, कारण तल्लफ यायच्या आत चहा यायचा. बाकीचे शिक्षक आमच्याकडे बघून घोट जरा सावकाश घेत होते. एकानं तर कप घेऊन आमच्याकडे पाठ केली, जणू त्यामुळे वास कमी येणार होता.

घरी यजमान म्हणाले, "तू उपाशी आणि मी समोर बसून जेवायचं, मला बरं नाही वाटत." आणि मग बरं वाटत नसतानाही ते दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी व्यवस्थित जेवले. ठेचा मीच वाटला होता. मिरच्या तव्यावर तडतडल्या आणि लसणाला डाग पडला, तेव्हा माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं, की मला मागच्या दारी जाऊन उभं राहावं लागलं.

मला वाटलं होतं, गोड आठवेल. पेढा, शंकरपाळी, श्रीखंड. गोड एकदाही आठवलं नाही. आठवायचं ते मीठ. कैरीच्या लोणच्याचा खार, ताकाच्या तळाशी राहिलेले मिठाचे खडे, शेंगदाण्याची चटणी तेलात कालवून भाकरीवर पसरलेली. दुधीची उकडलेली फोड तोंडात धरली, की ती नुसती ओली लागायची, तिला चवच नसायची. एकदा मिठाच्या बरणीचं झाकण उघडून मी नुसता वास घेतला. मिठाला वास नसतो, तरी घेतला.

ह्या वखवखीवर मी काही उपाय शोधले. बडीशेप चघळायची. चूळ भरायची. सगळ्यात गुणकारी म्हणजे हाताला काम द्यायचं. तांदूळ निवडायला घेतले, कपाट आवरायला काढलं, की अर्ध्या तासानं लक्षात यायचं, की आपल्याला भूक लागली होती आणि ती कुठेतरी गेली. उलट फोन हातात घेऊन बसले, की बोट आपोआप स्वयंपाकाच्या चित्रफितींकडे वळायचं. कुणी तरी कुठे तरी मिसळीवर तर्री ओतत असायचं आणि मी बघत बसायचे. यजमानांनी एकदा मागून पाहिलं आणि तसेच मागे फिरले.

शाळेत खरी परीक्षा तिसऱ्या तासाला. खालच्या वर्गांच्या पोषण आहाराची खिचडी त्या वेळेला शिजते. मोठ्या पातेल्यात हळद, जिरं आणि डाळ-तांदूळ एकत्र रटरटायला लागले, की वास व्हरांड्यातून थेट वर्गात यायचा. इतकी वर्षं तो वास माझ्या नाकावरून गेला असेल, पण कधी आत शिरला नव्हता. त्या आठवड्यात मी फळ्यावर समास लिहिता लिहिता थांबायचे.

संध्याकाळी आम्ही दोघी पाटाच्या कडेनं फिरायला जायचो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यानं चाललेल्या, हवेत मळीचा आंबूस वास, आणि पाटापलीकडच्या रिकाम्या रानात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या. चटया आणि पाचटाच्या त्या झोपड्या दर वर्षी येतात, उन्हाळा लागला की जातात. आमच्याही चार एकरांत ऊस आहे, त्यामुळे त्यांचं येणं आम्हाला सवयीचं. मी चालता चालता फक्त खाण्याबद्दल बोलायचे. हा आठवडा संपला की पहिल्यांदा काय खाणार, हाच माझा विषय. एरवी ही बाई बोलायला लागली, की मला मध्ये हुं म्हणायची सवड मिळत नसे. त्या दिवसांत ती गप्प चालायची. मला वाटलं, अशक्तपणा असेल.

"चक्कर वगैरे येत नाही ना?" मी विचारायचे.

"नाही ताई. बरी आहे मी."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत एका मुलीनं डब्यातली अर्धी पोळी कुत्र्याला टाकली. ही तिकडून चालली होती. ती त्या मुलीवर अशी काही ओरडली, की मैदानातली मुलं खेळ सोडून बघायला लागली. एवढं रागावण्यासारखं काहीच नव्हतं. मुलगी रडायला लागली. मग हीच तिच्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवला आणि स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसली. मी पेरू कापून तिच्यापुढे ठेवला. तिनं एक फोड उचलली आणि हातात तशीच धरून ठेवली.

"आपण थांबायचं का?" मी म्हटलं.

"नको. निम्म्याच्या वर झालंय की," ती म्हणाली.

रविवारी आमच्या खेळाच्या सरांनी सगळ्या स्टाफला हुरड्याला बोलावलं होतं. त्यांची शेती नेवाशाकडे. ज्वारी यंदा लवकर पेरलेली, कोवळा हुरडा नुकताच सुरू झाला होता. आम्ही दोघींनी ठरवलं होतं, की जायचं, सगळ्यांत बसायचं आणि फक्त पेरू खायचे. पण सकाळी तिचा फोन आला. डोकं दुखतंय, तुम्ही जा, असं म्हणाली.

मी गेले. आगटीत कणसं भाजली जात होती. सरांचे वडील गरम कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करत होते आणि ते हिरवे दाणे गोणपाटावर पडत होते. बाजूला शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, रेवड्या. मी माझा पेरू घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूला बसले, पण वारा सारखा बदलत होता. सरांचे वडील म्हणाले, "मॅडम, हुरड्याला काय व्हतंय? ह्यो तर पालाच हाय." त्यांना आहारातलं सगळं समजावून सांगताना माझं मलाच ते खुळ्यासारखं वाटायला लागलं. तरी मी खाल्ला नाही. त्याचा मला अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

परत येताना ऊन कललं होतं. मी गाडीवाल्याला तिच्या घराशी थांबायला सांगितलं. तिचे यजमान मुलांना घेऊन एका लग्नाला गेलेत, हे मला माहीत होतं. एकटी आहे, डोकं दुखतंय, बघून जावं म्हणून उतरले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. परातीत बाजरीचं पीठ, तव्यावर भाकरी, आणि शेजारी दुरडीत भाकरीची चळत. चळत दुरडीच्या काठाच्या वर गेलेली. आणखी एका ताटात वेगळी चळत, फडक्याखाली. त्या घरात माणसं चार, आणि त्या दिवशी घरात ती एकटी.

"कुणी येणार आहे का जेवायला?" मी विचारलं.

ती दचकली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "नाही."

"मग खाल्लीस का तू? खाल्ली असलीस तर खाल्ली. त्यात काय एवढं."

"नाही खाल्ली. खायच्या नाहीत मला. करून ठेवायच्यात."

तिच्या चेहऱ्यावर घाम होता. मी गॅस बंद केला, तिला हाताला धरून खाली बसवलं. हात थंडगार आणि थरथरत होते. डॉक्टरांचे शब्द मला आठवले. मी वाटीभर दूध घेतलं, त्यात गरम भाकरी कुस्करली आणि तिच्या हातात दिली.

"हे आधी खा. मग बोल."

ती खायला लागली. सावकाश, खाली मान घालून. मी पाणी दिलं. वाटी संपली, तशी मी अजून अर्धी भाकरी कुस्करून दिली. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. मग तिनं भिंतीला पाठ टेकली आणि बोलायला लागली. शाळेत तिची भाषा अगदी पुस्तकी असते, मुलांना उच्चार नीट यावेत म्हणून ती मुद्दाम तशी बोलते. त्या दिवशी बोलता बोलता ती भाषा गळून पडली आणि पाथर्डीकडची बोली वर आली.

"ताई, तुमाला म्हाईत न्हाई. माझे आईबाप कोयत्याला यायचे. ऊसतोडीला. हितंच, ह्याच पट्ट्यात. शाळेत कुनालाच सांगितलं न्हाई मी."

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून.

तिनं सांगितलं ते असं. ती आठ-नऊ वर्षांची असेल. धाकटी बहीण तीन-चार वर्षांची. पाटाच्या कडेला कोपी होती. ऐन हंगामात अवकाळी पाऊस आला. रानात गुडघाभर चिखल, तोड बंद. वडील गाडी घेऊन कारखान्यावर गेले होते, ते तिकडेच अडकले. कोपी गळायला लागली आणि पिठाचं गाठोडं भिजून त्याचा लगदा झाला. पाचट भिजलं, सरपण भिजलं, चूल पेटेना. आई दुसऱ्या बायांबरोबर गावात पीठ आणायला गेली आणि ओढ्याला पाणी आलं. ती पलीकडे राहिली, ह्या दोघी अलीकडे.

"मग काय खाल्लं तुम्ही?"

"ऊस. दुसरं काय हुतं? चारी बाजूला ऊसच ऊस. बारकीला सोलून सोलून देत हुते. पयल्यांदा ती खूश झाली. मग रडाया लागली, भाकर पायजे म्हनून. ऊस चावून चावून तोंड सोललं आमचं. गोडानं भूक जात न्हाई ताई. पोट भरल्यावानी होतं अन् मळमळतं. भूक तशीच ऱ्हाती."

रात्रभर ती बहिणीला, आई आणतेय, आई आणतेय, असं सांगत बसली. दुसऱ्या दिवशी ओढा उतरला आणि आई आली. गावातल्या कुणा बाईनं दिलेल्या भाकरी तिनं पदरात बांधून आणल्या होत्या. बहिणीनं घाईघाईनं खाल्लं आणि सगळं ओकली. मग आईनं एकेक घास पाण्यात भिजवून भरवला.

"तवापासून आईनं एक नेम केला. उद्याची भाकर आजच दिसली पायजे. कितीबी दमून आली तरी दोन जास्तीच्या थापायची अन् फडक्यात बांधून वर अडकवायची. आमी झोपताना त्या फडक्याकडं बघून झोपायचो. माझ्या घरात आजबी दुरडीत भाकरी असल्याबिगर मला झोप लागत न्हाई. आमच्या ह्यांना वाटतं, मला अंदाजच येत न्हाई पिठाचा."

ती थोडी हसली. मग म्हणाली, "मला वाटलं, आता काय त्याचं? घर हाय, पगार हाय, फ्रीज हाय. आठ दिवस न्हाई खाल्लं तर कुठं काय होतंय. पन बुधवारपासून रात्री डोळाच लागंना. सारखं वाटायचं, कुनीतरी उपाशी हाय घरात. पोरांच्या खोलीत जाऊन बघून यायचे. ती आपली पोट भरून घोरत असायची."

तासाभरापूर्वी हुरड्यासमोर हात आवरला म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. माझी भूक आठवडाभराची होती. ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे मला ठाऊक होतं. ह्या खात्रीमुळेच मला ती सोसत होती, किंबहुना तिच्यात थोडी मजाही वाटत होती. तिच्या शरीराला मात्र ही खात्री कुणी दिलेली नव्हती. पोट रिकामं झालं, की ते सरळ त्या ओढ्याच्या काठाशी जाऊन उभं राहत होतं. तोवर मी खाण्याच्या हावेला जिभेचे चोचले समजत आले होते. जीभ फार तर निरोप्या असते. निरोप पाठवणारं आत खोल दुसरंच कुणी बसलेलं असतं, आणि प्रत्येकाच्या आत ते वेगळं असतं.

हे सगळं मला तेव्हाच्या तेव्हा इतकं नीट सुचलं नव्हतं. तेव्हा मी नुसती तिच्याशेजारी फरशीवर बसून होते.

"तुझा आठवडा आज संपला," मी म्हटलं. "मीही सोडते. दे ती भाकरी."

तिनं दुरडी माझ्यापासून लांब सरकवली. पुन्हा शाळेतल्या आवाजात म्हणाली, "अजिबात नाही. तुमचा एकच दिवस राहिलाय. माझ्यामुळे मोडू नका, मला ते आवडणार नाही. आणि ताई, कीव करायची नाही माझी. सांगितलं ते एवढ्यासाठी सांगितलं, की तुम्ही भाकरी बघितल्या. नाहीतर वेड लागलंय, असं वाटलं असतं तुम्हाला."

मग तिनं उठून माझ्यासाठी दुधी उकडला. मिरपूड आणि लिंबू टाकून. मिरपूड आहारात बसते की नाही, हे मी भाचीला विचारलं नाही.

भाकरीचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "पाटापलीकडे कोप्या आहेत, तिथे नेऊन देऊ या का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण बराच वेळ. "दिवेलागणीची वेळ आहे. त्या बायांनी आत्ता गरम भाकरी टाकल्या असतील. आपल्या गार झालेल्या त्यांना कशाला?"

शेवटी थोड्या भाकरी शेजारच्यांच्या गाईला गेल्या. बाकीच्यांचा तिनं सोमवारी सकाळी कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता घालून कुस्करा केला आणि चार पुडांचा डबा भरून शाळेत आणला. स्टाफरूममध्ये दहा मिनिटांत तो फस्त झाला. सगळ्यांच्या झाकणांत वाढताना तिचा आवाज शेजारच्या वर्गात जात होता. माझ्यासमोरून डबा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा तिनं मला डोळ्यांनी दटावलं.

संध्याकाळी माझा आठवडा पुरा झाला. मी मुगाची मऊ खिचडी केली आणि वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं. पहिला घास तोंडात घेतल्यावर मीठ जिभेवर पसरत गेलं, तसे माझे डोळे भरून आले. दुःखानं नाही आणि आनंदानंही नाही. इतकी वर्षं रोज दोन वेळा हे माझ्या ताटात होतं आणि मी आमटी खारट झाली किंवा अळणी झाली, एवढंच त्याच्याबद्दल बोलले होते.

शरीर धुऊन निघालं की नाही, मला सांगता येणार नाही. वजन थोडं उतरलं होतं, ते संक्रांतीच्या गुळपोळ्यांनी बरंचसं परत आलं. चहातली साखर मात्र सुटली ती सुटलीच. पहिले काही दिवस बिनसाखरेचा चहा काढ्यासारखा लागला, आता कुणी साखर घातली तर कप परत करते.

तिच्याबरोबर मी डॉक्टरांकडे गेले. पूर्ण गोष्ट तिनं सांगितली नाही. एवढंच म्हणाली, की उपाशी राहिले की मला भीती वाटते. डॉक्टर समजूतदार होते, त्यांनी का म्हणून विचारलं नाही. ते म्हणाले, तुम्ही उपाशी राहायचंच नाही. थोडं खा, पण ठरल्या वेळेला खा, आणि पुढचं खाणं आपल्याजवळ आहे, हे तुम्हाला दिसत राहू दे. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी असते. बऱ्याचदा ती तशीच घरी परत जाते. ताटातल्या तीन भाकरींच्या दोन झाल्या, मग दीड. आम्ही अजून पाटाच्या कडेनं चालतो, आणि आता ती बोलते आणि मी हुं म्हणते. तिची साखर एकदम नाही उतरली, पण हळूहळू उतरली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची आई आली होती. त्यांना भेटायला म्हणून तिनं मला मुद्दाम जेवायला बोलावलं. बारीक अंगाच्या, ताठ बसणाऱ्या बाई. लेकीनं त्यांना आमच्या आठवड्याबद्दल सांगितलं होतं, ते त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

"घरात समदं असून?" त्यांनी मला विचारलं.

"हो, घरात सगळं असून," मी म्हटलं.

"कुनी नवस बोल्लं हुतं का?"

"नाही हो. वजन कमी व्हावं म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "आसंल बया," म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाकरी वाढली. बाजरीची, पापुद्रा सुटलेली, बरोबर पिठलं आणि कांदा. मी एक खाल्ली, मग अर्धी घेतली. त्या पुन्हा दुरडी घेऊन आल्या. मी ताटावर हात धरला. आमच्याकडे पाहुण्यानं नको म्हटलं, की वाढणारीनं आग्रह करायचा, पाहुण्यानं पुन्हा नको म्हणायचं, असा खेळ बराच वेळ चालतो. मी त्याच्या तयारीत होते.

"पोट भरलं का?" त्यांनी विचारलं.

"भरलं, आई."

"खरंच भरलं?"

"खरंच."

"मग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. दुरडीवर फडकं टाकलं, माझ्याजवळ बसल्या आणि माझ्या रिकाम्या ताटाकडे समाधानानं बघत राहिल्या. "भरलं म्हनलं की मला लई बरं वाटतं ऐकाया."